माफी कुणाच्या हाती

नेड्राने हात वर केला तेव्हा वर्गातले सगळे वळून पाहू लागले. ती सहसा काही विचारत नसे. गावच्या वाचनालयाच्या तळघरात भरणाऱ्या या वर्गाला ती बावन्नाव्या वर्षी येत होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम व्हायचं तर शाळा पुरी केल्याचा दाखला हवा होता. गणित सुटलं होतं. राज्यघटनेचा पेपर राहिला होता.

"बाई, ते माफीचं परत सांगता?"

प्रुइटबाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते, डावीकडे केंद्र, उजवीकडे राज्य. "राष्ट्राध्यक्ष माफी देतात ती केंद्राच्या गुन्ह्यांना. राज्याच्या कोर्टाने शिक्षा दिली असेल, तर त्यांना तिथे काही करता येत नाही."

"म्हणजे एवढ्या मोठ्या घरात बसून त्यांना माझा सिग्नल तोडल्याचा दंडही माफ करता येत नाही?" ट्रकवाला ग्लेन म्हणाला. "मग बायको मला उगाच बिनकामाचा म्हणते."

सगळे हसले. नेड्राने दोन्ही रकाने जसेच्या तसे उतरवून घेतले आणि उजव्या रकान्याकडे बघत बसली.

तिचा धाकटा भाऊ वेन्डल इलिनॉय राज्याच्या तुरुंगात होता. पेट्रोल पंपावर दरोडा पडला तेव्हा गाडी तो चालवत होता, आणि आत एक माणूस मेला होता. शिक्षा राज्याच्या कोर्टानेच दिली होती. वेन्डलच्या कोठडीशेजारचा कुणी सांगे की पद सोडून जाता जाता राष्ट्राध्यक्ष माफीच्या कागदांवर ढिगाने सह्या करतात. येत्या डिसेंबरात आपलंही नाव त्यात घालायचं, असं भावाबहिणीने ठरवलं होतं. दर रविवारच्या भेटीत दुसरा विषयच नसे. सुटल्यावर तो कुठल्या खोलीत झोपेल इथपर्यंत बोलणं झालं होतं. आईवडील गेले होते. नेड्राशी एवढं बोलणारंही दुसरं कुणी नव्हतं.

वेन्डलला हे न सांगता डिसेंबरपर्यंत ढकलता आलं असतं. रविवारी मक्याच्या शेतांमधून गाडी हाकताना तिने तोही विचार करून पाहिला.

भेटीच्या खोलीत वेन्डल मशीनमधला गरम बर्गर खात होता. "ताई, अर्जात माझं सुतारकामाचं प्रमाणपत्र आधी घालायचं हां."

"वेन्डल, ते राष्ट्राध्यक्षांच्या हातात नाही रे. तुझी केस राज्याची आहे."

"कोण म्हणतं?"

"वर्गात शिकवलं."

"चार दिवस शाळेत काय गेलीस, वकीलच झालीस! इथे माणसं सुटलीत, डोळ्यांनी पाहिलंय मी."

"त्यांची केस केंद्राची असेल."

त्याने उरलेला बर्गर कागदात नीट गुंडाळला. "राज्यातही माफी असते—" ती सांगू लागली. पण तो उठून पहारेकऱ्याकडे गेला. भेटीची वेळ संपायला अजून अवकाश होता. आजूबाजूच्या टेबलांवर लोक बोलतच होते.

पुढच्या रविवारी तुरुंगाच्या दाराशी भेटीच्या खिडकीतल्या पोरीने नोंद पाहिली. "तो यायला नाही म्हणतोय, मावशी."

"बरं नाही का त्याला?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

नेड्रा परत गाडीत येऊन बसली. घरी लवकर जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिथेच, पार्किंगमध्ये, तिने पुस्तकातला राज्याचा भाग वाचायला घेतला. विधिमंडळाची दोन सभागृहं. गव्हर्नरचा नकाराधिकार. ते तिने मोठ्याने म्हटलं, कारण सकाळपासून ती त्या पोरीखेरीज कुणाशी बोलली नव्हती.

तुरुंगात फोन लावता येत नाही. फोन आला तरच घ्यायचा. त्यामुळे संध्याकाळी ती अंगणातही जाईनाशी झाली.

गुरुवारी फोन वाजला. आधी नेहमीचा ध्वनिमुद्रित आवाज आला, तुरुंगातून फोन आहे, घ्यायचा असेल तर बटण दाबा. तो पुरता संपायच्या आत तिने बटण दाबलं.



"त्या दिवशी राज्याचं काय सांगत होतीस?" वेन्डल म्हणाला. "सांग. हळू सांग."

"गव्हर्नरकडे मागायची माफी. पण अर्ज आधी एका मंडळापुढे जातो. ते शिफारस करतं. मग गव्हर्नर हो म्हणेल नाहीतर नाही."

"आणि काही उत्तरच दिलं नाही तर?"

तिने पुस्तक चाळलं. त्यात एवढंच होतं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "अजून तिथवर शिकले नाही."

"मग शीक ना, ताई."

"शिकते."

डिसेंबरबद्दल बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तरी फोन कुणीच ठेवला नाही. वेळ संपल्याचा आवाज येईपर्यंत ते तसेच कानाला लावून बसले.