टकलावर धरलेली नजर

माझा सगळा धंदा डोकं स्थिर ठेवण्यावर चालतो. वस्तरा कानाशी असताना गिऱ्हाईक जरा हललं, की माझं पित्त खवळतं. आणि आमच्या भिंगरीला तिच्या बॅलेच्या बाई शिकवतात, डोकं झटक.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. मोठ्या नृत्यशाळेच्या निवडीसाठी तिला दुहेरी पिरुएट यायला हवी होती. एका पायाच्या चवड्यावर उभं राहून लागोपाठ दोन गिरक्या, आणि शेवटी तोंड बरोबर समोर. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. पहिली गिरकी तिला छान जमायची, दुसरीत ती कलंडायची आणि रडकुंडीला यायची.

बाई म्हणाल्या, "समोर एक ठिकाण धर. अंग फिरू दे, नजर तिथंच ठेव. मान आणखी वळेनाशी झाली की डोकं झटकन फिरव आणि परत तेच ठिकाण पकड."

दुकान बंद झालं की खुर्च्या भिंतीला सरकवून ती तिथंच सराव करायची. दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेले असायचे, मी समोर बसून बघायचो. घड्याळ धर, दिव्याचं बटण धर, असं काहीबाही सुचवायचो. एका संध्याकाळी तिला दोन्ही गिरक्या जमल्या. पुन्हा केल्या, पुन्हा जमल्या.

"कुठलं ठिकाण धरलंस?"

"तुझं टक्कल. चमकतं ना, लगेच सापडतं."

तिची आई हसून हसून लोळली. म्हणाली, न्हाव्याच्या टकलाचा एकदाचा कुणाला तरी उपयोग झाला. मीही हुरळलो आणि रोज त्याच खुर्चीत बसू लागलो. हे बाईंना सांगावं, असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

निवडीच्या दिवशी आईबापांना बाहेरच थांबवलं. दाराला वरच्या बाजूला छोटी काच होती, मी तिला नाक लावून उभा राहिलो. परीक्षक भिंगरीच्या समोर बसले होते, दार मात्र कडेच्या भिंतीत. भिंगरी परीक्षकांच्या मागची पांढरीफटक भिंत नजरेनं चाचपत होती. मग तिला काचेत मी दिसलो. तिचा चेहरा खुलला.

दोन्ही गिरक्या सुरेख झाल्या. फक्त ती थांबली माझ्याकडे तोंड करून, परीक्षकांकडे खांदा.

त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. कोपऱ्यातून बाई मला हातानं खुणावत होत्या, खाली बसा. दिसलो तर ती माझ्याकडे वळणार, दिसलो नाही तर तिला धरायला काहीच नाही. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शेवटी मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो. पियानो सुरू झाला. मग आत धप्पकन आवाज झाला आणि पियानो थांबला.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. बूट हातात, डोळे कोरडे.

"लागलं का गं?"

"नाही. बाबा, तू कुठे गेलास?"

"इथंच होतो. दाराशी, खाली."

तिनं आधी जमिनीकडे बघितलं, मग वर काचेकडे.

"मी दुसऱ्या गिरकीतही शोधत होते तुला," ती म्हणाली.