कलम एकोणीस

मसुदा विभागातल्या बाईंनी सव्वीस वर्षं देशाचे कायदे लिहिले होते, आणि ते करवून घेणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात काडीचा आदर उरला नव्हता. हवामान कायद्यासाठी सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्ही पक्षांची मिळून समिती बसली, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता पाच महिने गळ्यात गळे बघायचे."

झालंही तसंच. सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या कलम एकोणीसला. कोळशावरचा वीजप्रकल्प बंद करण्याआधी तिथल्या कामगारांना दुसरं काम दिलंच पाहिजे, असं ते कलम. न्यायाच्या गप्पा मारताना सभासदांचा गळा भरून यायचा; चहा आला की मोकळा व्हायचा.

शेवटच्या बैठकीला दोन दिवस उरले असताना सत्ताधाऱ्यांचा प्रतोद बाईंच्या खोलीत आला. दार लावून खुर्ची ओढली.

"मॅडम, एकोणीस जरा जड जातंय. 'दिलंच पाहिजे'च्या जागी 'शक्यतो द्यावं' करता येईल?"

"समितीत मांडा."

"तिथे कसं मांडणार? भाषेची दुरुस्ती म्हणून तुम्हीच करा. कुणी विचारलंच तर विरोधकांचा आग्रह होता म्हणू."

"लेखी द्या."

प्रतोदाला एकाएकी दुसरं काम आठवलं.

तासाभरात विरोधी पक्षाचा उपनेता हजर. हा एरवी बाईंना ओळखही दाखवत नसे.

"ताई, एकोणीस थोडं सैल करा ना. आमचे काही देणगीदार नाराज आहेत. सरकारनं कामगारांचा गळा कापला म्हणून आम्ही ओरडू, पण ते नंतर."

"म्हणजे तुम्हीच कापायचा आणि तुम्हीच ओरडायचं?"

"राजकारण असतं, ताई."

"लेखी द्या."

तोही गेला. संध्याकाळी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "दोन चोर एकाच घरात शिरलेत, आणि दोघांनाही कुलूप मीच उघडून द्यायला हवंय." तो हसला. बाईंना हसू आलं नाही. किळस आली होती.

शेवटच्या बैठकीला कॅमेरे होते. अध्यक्ष एकेक कलम वाचत गेले. एकोणीस आलं. एकही शब्द बदललेला नव्हता. प्रतोदानं उपनेत्याकडे पाहिलं, उपनेत्यानं प्रतोदाकडे. तू बोल, तू बोल. कॅमेऱ्यासमोर वाईट व्हायची दोघांचीही छाती होईना. एक पेनाचं टोपण फिरवत बसला, दुसरा पाणी प्यायला.

"हरकत नाही? मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि पान उलटलं.

बाहेर येऊन दोघांनी मिठी मारली. कामगारांना न्याय देणारी ऐतिहासिक सहमती, असं दोघेही वाहिन्यांना एकाच दमात सांगत होते. फोटोसाठी बाईंना हाक मारली.

"या ना ताई, श्रेय तुमचंही आहे!"

"नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या शेजारी उभं राहायचं काम माझ्या नेमणूकपत्रात नाही."

मग त्या तळमजल्यावर छापखान्यात गेल्या. यंत्र चालवणारा चकित झाला. "मॅडम, तुम्ही स्वतः?"

"हो. पहिली प्रत दाखवा."

त्यांनी एकोणिसावं कलम बोट ठेवून शब्दन्‌शब्द वाचलं, मग दुसरी प्रत मागितली. शेवटचा गठ्ठा बांधून होईपर्यंत त्या स्टुलावरून हलल्या नाहीत.