एका लेखाची तीन कार्डं

मी एक जुना सागवानी खण आहे. सिल्वासाच्या एका ग्रंथालयात कार्डांचं मोठं कपाट होतं, त्यातल्या साठ खणांपैकी मी एक. आता एकटाच उरलो आहे. मित्रांनो, माझी हकिगत ऐकण्याजोगी आहे का, याची मला खात्री नाही. आठवण लाकडाची, एखादा तपशील चुकेलही. पण एक गोष्ट माझ्या पोटातच घडली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नथू सुताराने मला खानवेलकडच्या सागातून घडवलं. समोर पितळी कडी बसवली आणि पोटातून आरपार जाणारी पितळी सळई. प्रत्येक कार्डाला खाली भोक असे. कार्डं सळईत ओवली, की वाचकांनी कितीही चाळली तरी क्रम मोडत नसे. ग्रंथपाल शशिकांतराव फार अबोल गृहस्थ. ते दर पुस्तकाची तीन कार्डं लिहीत: लेखकाचं, पुस्तकाच्या नावाचं आणि विषयाचं. नवा वाचक गोंधळला की हळूच म्हणत, "कार्डं तीन असली, तरी पुस्तक एकच आहे हो."

पुढे संगणक आला. आमचं कपाट टेम्पोत चढलं आणि भंगारात गेलं. त्याआधी शशिकांतरावांनी भीत भीत मला तेवढं मागून घेतलं आणि सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलं. मग तेही निवृत्त झाले. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या धुळ्याच्या आक्काबाईंनी मला पाहिलं आणि माझ्यात लसूण भरला. कितीतरी वर्षं मी लसूण सांभाळला. आधी वाईट वाटायचं. मग वाटलं, लसूणही कुणीतरी सांभाळायलाच हवा.

तीन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर अनुराधाताई राहायला आल्या. त्यांचे यजमान आशिष मसाटच्या कारखान्यात इंजिनीअर. ताई पीएचडी करत होत्या. विषय होता इस्लामी वित्तव्यवस्था, म्हणजे व्याज न घेता, नफा-तोटा वाटून घेऊन व्यवहार करण्याची पद्धत. जगभरच्या विद्यापीठांत या विषयावरचं संशोधन वर्षागणिक किती वाढलं, हे त्यांना शोधायचं होतं. हाताने लिहिल्याशिवाय त्यांच्या डोक्यात काही राहत नसे, म्हणून सापडलेल्या प्रत्येक लेखाचं त्या एक कार्ड करत. शशिकांतरावांनी मला पुसून त्यांच्या हाती दिलं.

"ताई, माझा लसूण रस्त्यावर आणला वं तुम्ही!" आक्काबाई म्हणाल्या. "आणि हा विषय तरी कुठून काढला? तुमच्यात कोणी आहे का त्या धर्माचं?"

"विषयाला आडनाव नसतं, आक्का," ताई हसून म्हणाल्या.

मी पुन्हा भरू लागलो. दर वर्षापुढे ताई एक उंच निळं कार्ड लावत. सुरुवातीच्या वर्षांची सगळी कार्डं मिळून नखाएवढी जाड. पुढची बोटाएवढी, आणि अलीकडची तर वीतभर! संशोधनाची वाढ माझ्या पोटात डोळ्यांना दिसत होती. एक हजार एकशे वीस कार्डं झाली. मला लपवता येत नाही, मी फुगलो होतो.

प्रबंधाचं हे प्रकरण सरांना द्यायला बारा दिवस उरले असताना शशिकांतराव खण बघायला आले. बराच वेळ चाळत राहिले. मग त्यांनी तीन वेगवेगळ्या वर्षांतली तीन कार्डं वर ओढली.

"माझं चुकत असेल," ते म्हणाले, "पण लेखक तेच, पाहणीही त्याच दोनशे कुटुंबांची. आधी परिसंवादात वाचलं, मग कच्चा मसुदा निघाला, मग नियतकालिकात आलं. फक्त शीर्षक दर वेळी बदललंय. लेख एकच आहे हो."

ताईंचा चेहरा उतरला. असे आणखी किती? वीतभर वाढीतली खरी वाढ केवढी? त्यांनी मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"अहो मॅडम, सगळे असंच मोजतात. कोण उघडून बघणार आहे? देऊन टाका."

"सर, मी उघडून बघितलंय," ताई म्हणाल्या. "आता मला तसं देता येणार नाही. तारखेला देते, पण पुन्हा मोजून."

त्यांनी माझी सळई ओढली आणि सगळी कार्डं जमिनीवर मांडली. रोज सकाळी आठला बसायच्या. प्रत्येक लेख उघडायचा, जुळी भावंडं शोधायची, आणि तो जगासमोर पहिल्यांदा आला त्याच वर्षात ठेवायचा. शशिकांतराव समोर बसून नावं वाचत. आक्काबाई त्यांचा चहा घेऊन खाली येत, कार्डांमधून पाय उचलत चालत आणि म्हणत, "माझ्या घरात मलाच वाट नाही!" घर त्यांचं नव्हतंच.

अकराव्या दिवशी सातशे नव्वद कार्डं उरली. वीत आखडून चार बोटं झाली. मी हलका झालो आणि, खरं सांगतो, थोडा खट्टूही. पण ताईंनी ती चार बोटं पुन्हापुन्हा दाबून पाहिली.

"वाढ आहे, काका," त्या म्हणाल्या. "कमी आहे, पण आहे. आता कुणीही उघडून बघू दे."

बाराव्या दिवशी प्रकरण गेलं. त्यात एक परिच्छेद आधीच्या चुकीबद्दल होता, शशिकांतरावांच्या नावासकट. ते कळल्यावर काका दोन दिवस खाली आलेच नाहीत, इतके लाजले.

मित्रांनो, घरात एखादा जुना खण असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा ओढून बघा. लसूण ठेवा, कार्डं ठेवा, पण त्याला रिकामा ठेवू नका. आणि तो गच्च भरलेला दिसला, तर नुसत्या जाडीवर भुलू नका. आत काय आहे ते वाचा.

आज सकाळी ताईंनी या वर्षाचं निळं कार्ड माझ्या सळईत ओवलं. त्यामागे सध्या चारच कार्डं आहेत. चारही लेख वेगळे आहेत. त्यांनी दोनदा तपासलंय.