बिंबाजीराजे सदर बाजारात

“राजेले हिंदी येत नाही,” डोक्याला उपरणं गुंडाळत नीलकंठरावांनी पूर्णिमाला बजावलं. “बिंबाजीराजे भोसले. अडीचशे वर्षांआधी छत्तीसगडावर राज्य करत होते. आज रायपूर पाहाले आले. तू मराठीत सांगशील, तेवढंच त्यायले समजीन.”

“आप राजा हो?”

नीलकंठराव काही समजलंच नाही असे बघत राहिले.

नऊ वर्षांची पूर्णिमा हसली. “तुमी... राजे हाय?”

“हव,” नीलकंठरावांनी मान डोलावली.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या ओसरीवर रविवारचा मराठीचा वर्ग भरायचा. एकेक पोर गळत गेलं, ही एकटी उरली. तिला सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई. काल तिची आई क्षमा सांगून गेली होती, “काका, मराठी बोलत तर नाहीच ते. पुढच्या रविवारपासून गणिताची ट्यूशन लावून देते.”

दोघं सदर बाजारात आले.

“घोडे कुठं बांधता तुमी लोक?” राजांनी विचारलं.

“घोडे नाही जी. स्कूटी हाय. तिले चारा नाही लागत, पेट्रोल लागते.”

“अन् तो माणूस एकटाच काहून बोलून राहिला?”

“त्याच्या कानात फोन हाय. पागल नाही तो.”

ओळखीच्या सोनारानं गादीवरून हाक मारली, “कहाँ चले, मास्टरजी?”

“अंकल, ये राजा हैं. हिंदी नहीं आती इनको,” पूर्णिमा म्हणाली आणि वळली. “राजे, हे विचारून राहिले, तुमी कुठं चालले.”

नीलकंठरावांना हसू आवरेना. तेवढ्यात एक मोटरसायकल त्यांच्या कोपराला घासून गेली.

“अबे, देख के चला ना!” ते ओरडले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

खेळ त्यांनीच मोडला होता. आता तिनं मराठीत का बोलावं?

पूर्णिमानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात धरून त्यांना कडेला घेतलं.

“इकडून चला, राजे. मी कोनाले सांगत नाही.”

परतले तेव्हा क्षमा ओसरीत उभी होती. “हो गया, बेटा? चलो.”

“नाही झालं, आई. राजेनं बुढा तालाब पायलाच नाही अजून.”

क्षमा लेकीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “गणित सकाळी हाय, काका. इले संध्याकाळी पाठवली तर चालन?”

नीलकंठराव “हव” म्हणत वर्गाच्या चटईवर टेकले आणि थोडं सरकून त्यांनी क्षमालाही जागा करून दिली.