कोरा फॉर्म

बावीस वर्षं आमच्या भागातली लाइट बंद करायचं काम माझं होतं. कोणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे हे मला तोंडपाठ होतं, आणि बंद करण्याआधी मी त्यांना ‘सिलिंडर लावून ठेवा’ म्हणून फोन करायचो.

मग नवे मीटर लागले. आता लोड वाढला की कॉम्प्युटरच घरं बंद करतो. त्याआधी एक इंजिनीअर फॉर्म घेऊन आला.

“ज्यांची लाइट तोडायची नाही, त्यांची नावं लिहून द्या, काका.”

माझी खुर्ची काढून घ्यायची आणि वर काका म्हणायचं. माझं टाळकंच सटकलं.

“एवढं हुशार मशीन आणलंय ना, मग त्यालाच विचारा,” म्हटलं, आणि फॉर्म कोराच परत केला. त्यानेही तो तसाच फाइलला लावला.

शनिवारी भर दुपारी लोड वाढला. कॉम्प्युटरने आमचा भाग तासभर बंद ठेवला. मला मनातून बरंच वाटलं. बसू दे बोंबलत.

लाइट आल्यावर आमच्याच भागात राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“दादा, तुझा फोन नव्हता, म्हणून वाटलं लाइट लगेच येईल. मशीन बंद पडलं तरी मी ह्यांना सिलिंडर लावलाच नाही.”