न हललेला काटा

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. अंग पितळेचं, काचेआड एक काटा, आणि स्वभाव पहिल्यापासून संशयी. उल्सान शहरातल्या ज्या कारखान्यात माझी हयात गेली, तिथे पोलादी टाक्या बनतात. टाकी पाण्याने गच्च भरायची, पंपाने दाब चढवायचा, पंप काढायचा आणि अर्धा तास थांबायचं. गळती असली तर माझा काटा उतरतो. नाही उतरला तर टाकी पास. माझं कौतुक व्हायचं, फडक्याने काच पुसली जायची. पण अर्ध्या तासात सगळं कळतं, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

एका ऑगस्टमध्ये कापड रंगवणाऱ्या कारखान्यासाठी टाकी तयार झाली. फोरमन प्यो यांची धाकटी बहीण तिथेच कामाला. रोज दहा तास ती या टाकीजवळ उभी राहणार होती. चाचणी अंगणात, भर उन्हात सुरू झाली. अर्धा तास माझा काटा जागचा हलला नाही.

"बघा, बुद्धासारखा बसलाय," प्यो म्हणाले. "सही करा मेंगबाई. जेवायला चला, तिकडे शेवया फुगून लगदा होतील."

मला मात्र काहीतरी खुपत होतं. तपासनीस मेंगबाईंनाही खुपलं असावं. त्यांनी टाकीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"टाकी तापलीय, प्योसाहेब. आतलं पाणी तापलं की फुगतं. मग काटा चढायला हवा होता. चढला का नाही?"

"म्हातारा झालाय तो, अडकला असेल. द्या भंगारात."

एवढ्या चाकरीचं हे फळ! मला फार लागलं.

बाईंनी माझ्या शेजारी कोरा मापक बसवायला लावला, टाकीवर ओली ताडपत्री घातली आणि टाकी निवल्यावर पुन्हा तेवढाच दाब चढवला. "आता तासभर थांबायचं," त्या म्हणाल्या. प्यो पुटपुटत राहिले. ऊन अडल्यावर मात्र माझा काटा हळूहळू उतरू लागला, आणि त्या कोऱ्याचाही. म्हणजे मघाशी ऊन जेवढा दाब चढवत होतं, तेवढाच कुठूनतरी निसटत होता.

टाकी ज्या बैठकीवर टेकते, तिच्या मागच्या सांध्यावर ओल सापडली. प्यो उकिडवे बसले आणि त्यांनी ती बोटाने पुसली. ती पुन्हा आली.

"हा सांधा माझ्याच हातचा आहे," ते म्हणाले. "अन् मीच सही करा म्हणून मागे लागलो होतो." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

हल्ली माझी काच ते स्वतः पुसतात. आता चाचणी सावलीत होते, आणि घड्याळ बघून कुणी घाई केली की तेच ओरडतात. तरी मित्रांनो, मला चैन नाही. माझी स्प्रिंगही आता जुनी झाली. म्हणून दरवर्षी मला तपासून घ्या, नव्या मापकाशेजारी बसवा, चुकलो तर खुशाल काढून टाका. मी खरं सांगतो म्हणता? ते तरी तुम्हाला कुणी सांगितलं? मीच ना?