पाच वेळा उठणे

घरात बसायच्या जागा अकरा होत्या. झोपाळा एक, लाकडी खुर्च्या दोन, वेताचा कोच एक, रस्त्याकडचा ओटा एक, न्हाणीतला दगड एक आणि फणसाच्या लाकडाचे पाट पाच. यांपैकी तीन जागांवरून चंद्रमौळीरावांना कुणाच्या आधाराशिवाय उठता येत असे: दोन खुर्च्या आणि ओटा. झोपाळा उठताना मागे सरके, कोच खोल होता. दगड आणि पाट यांची उंची अठरा इंचांहून कमी होती, आणि अठरा इंचांखाली गेले की गुडघे साथ सोडत.

हे आकडे त्यांनी पट्टी लावून काढले होते. सर्व्हे ऑफिसात तीस वर्षे नकाशे आखलेल्या माणसाला आपल्याच घरात अंदाजाने वावरणे बरे वाटत नसे. कुठे बसायचे नाही हे एकदा ठरले की पुढचा त्रास वाचतो, असा त्यांचा हिशेब. गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे आणि झिजलेले भरून येत नाही, एवढे डॉक्टरांनी तमिळमध्ये समजावून सांगितले होते. बाकी दुपारी कोमट तिळाचे तेल, आणि फार झाले तर ॲस्पिरिनची अर्धी गोळी.

बायको, अंबाबाई, होती तोवर यातले काहीच मोजावे लागले नव्हते. जेवण झाले की ती पाटासमोर येऊन उभी राही आणि डावा हात पुढे करी. ते तिचे मनगट धरून उठत. बोलणे एकीकडे चालूच असे, बहुधा तिचेच. आपण तिच्यावर किती भार टाकत होतो ते चंद्रमौळीरावांना ती गेल्यावर कळले. आता ते खुर्चीवर बसून, स्टुलावर पान ठेवून जेवत, आणि घरात बोलण्याचा आवाज म्हणजे समोरच्या घरातला.

तिच्या वर्षश्राद्धाची तिथी कार्तिक वद्य पंचमी. मूलबाळ नसल्याने ते श्राद्ध त्यांनीच करायचे. तीन वर्षे केले. तिसऱ्या वर्षी दोनदा त्यांचा तोल गेला आणि व्यंकोबाशास्त्र्यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभे केले. ही गोष्ट कशी कोण जाणे, मद्रासला भाच्याच्या कानावर गेली. या वर्षी भाद्रपदात शेषाद्रीचे पत्र आले. मामा, आता तुम्ही इकडेच या, मामीचे श्राद्ध मी इथे करीन, कुंभकोणचे घर बंद करू. मजकूर प्रेमाचा होता. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा 'बंद' या शब्दापाशी थांबले.

शास्त्रीबोवांना त्याने वेगळे पत्र घातले होते. ते त्यांनी लपवले नाही. ओट्यावर बसत म्हणाले, "राव, भाच्यानं मला विचारलं आहे, मामांच्यानं होतं का म्हणून. मी जें पाहीन तें लिहिणार. खोटं लिहायला लावूं नका."

"किती वेळा उठावं लागतं?" चंद्रमौळीरावांनी विचारले.

शास्त्रीबोवांनी आयुष्यात हजारभर श्राद्धे चालवली असतील, पण हे कधी मोजले नव्हते. बोटांवर मोजू लागले. ब्राह्मणांचे पाय धुवायला बसणे, मग संकल्पाला, मग होम, मग पानांवर उदक सोडणे, मग पिंड. वाढण्याचे काम आचाऱ्याकडे दिले तरी उठबस पाच वेळा.

"पाच वेळा मी उठलों तर?"

"तर होतं म्हणून लिहीन. माझ्या बापाचं काय जातं?"

पस्तीस दिवस हातात होते. चंद्रमौळीरावांनी माजघरातल्या खांबाशेजारी पाचही पाट एकावर एक रचले. प्रत्येक पाट दोन इंचांचा, म्हणजे दहा इंच. रोज दुपारी तेल जिरवून झाले की त्या चळतीवर बसायचे, डावा हात खांबाला घालायचा आणि उठायचे. पाच वेळा. दर आठ दिवसांनी एक पाट काढून टाकायचा. समोरच्या नागलक्ष्मी अम्माळला दारातून हे सगळे दिसे. रावांना ती रायर म्हणे. रायर, एकटेच संगीत खुर्ची खेळता का, असे तिने एकदा रस्त्यापलीकडून विचारले. पाटांना वाळवी लागली आहे का ते पाहतोय, असे त्यांनी सांगितले. तिने डोके हलवले, पण दुसऱ्या दिवशी परत दारात उभी राहिली.

तेहतिसाव्या दिवशी एका पाटावरून उठायला त्यांना दीड मिनिट लागले. पाचही वेळा दीड मिनिट. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना कुणाला तरी काही सांगावेसे वाटले. ते दारापर्यंत गेले. समोरचे दार लावलेले होते.

चतुर्थीला सकाळी शास्त्रीबोवा सामान पाहायला आले. तीळ, दर्भ, केळीची पाने पाहून झाली. कोनाड्यात तेलाची वाटी दिसली तेव्हा त्यांनी सहज म्हटले, ती उद्या संध्याकाळपर्यंत उचलून ठेवा.

चंद्रमौळीराव वाटीकडे पाहत राहिले. श्राद्धकर्त्याने आदल्या दिवसापासून अंगाला तेल लावायचे नाही, हे त्यांना मुंज झाल्यापासून माहीत होते. वडिलांच्या श्राद्धाला त्यांनी स्वतः पाळले होते. आणि तरी इतके दिवस त्यांनी रोज तेल लावून मोजले होते. उद्या तेल नाही, गोळी नाही, काठीला रबराची टोपी म्हणून ती सोवळ्यात नाही, आणि पहाटे विहिरीच्या पाण्याने स्नान. तेल न लावता त्यांनी एकदाही मोजलेले नव्हते.

"काय झालं?" शास्त्रीबोवांनी विचारले.

"कांहीं नाही. उचलतों."

पंचमीला पहाटेपासून पाऊस होता. ओले धोतर पिळून नेसेपर्यंत गुडघ्यांत लाकडाची पाचर ठोकल्यासारखे झाले. माजघरात चौकातून गार वारा येत होता. पाट खांबाजवळ मांडायला शास्त्रीबोवांनी हरकत घेतली नाही. तोंड दक्षिणेला झाले म्हणजे झाले, म्हणाले.

पहिल्यांदा उठायला चार मिनिटे लागली. भिंतीवरचे घड्याळ समोरच होते. दुसऱ्यांदा सहा. शास्त्रीबोवा मंत्र सावकाश म्हणू लागले, दोन ओळी परत म्हटल्या, आणि निमंत्रित ब्राह्मणांपैकी एकाने वर पाहिले तेव्हा त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तिसऱ्यांदा खांबावर हात घसरला. शास्त्रीबोवा अर्धे उठले. तेही सोवळ्यात होते, हात द्यायला अडचण काही नव्हती. चंद्रमौळीरावांनी मान हलवली आणि पुन्हा खांब धरला. चौथ्या वेळी किती वाजले ते त्यांनी पाहिलेच नाही.

मग पिंड झाले. जेवून, दक्षिणा घेऊन ब्राह्मण पावसातच निघाले. चंद्रमौळीरावांनी बसल्या जागेवरून हात जोडले. आचाऱ्याने भांडी घासून पालथी घातली आणि तोही गेला.

शास्त्रीबोवा उपरणे झटकत उभे राहिले. पाटावर बसलेल्या यजमानाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. पाचवी खेप अजून व्हायची होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

"मी थांबतों," ते म्हणाले.

"नको. तुमची संध्याकाळची पूजा आहे."

"राव, आतां कुणी पाहत नाही. हात द्या."

"म्हणूनच जा," चंद्रमौळीराव म्हणाले. "चार तुम्ही पाहिल्या. पाचवी मी सांगेन ती लिहा."

शास्त्रीबोवांनी छत्री घेतली, पुन्हा ठेवली, पुन्हा घेतली. सकाळी येतों, मग पत्र लिहूं, असे म्हणून बाहेरचे दार त्यांनी नुसते लोटून घेतले. त्यांच्या पावलांचा आवाज पावसात लवकरच बुडाला.

माजघरात होमाची राख होती. चौकात पाणी पडत होते. चंद्रमौळीरावांनी डावा हात खांबाला घातला. उठता आले नाही. त्यांनी हात सोडला, श्वास घेतला, दोन्ही तळवे जमिनीला टेकवले, कुशीवर वळले आणि ओणवे झाले. तसेच थांबले. मग उजवा हात खांबाला, मग डावा, एक वीत वर, मग आणखी एक.

सुरुवात केली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. पाठ खांबाला टेकून ते सरळ उभे राहिले तेव्हा दोन वाजून एकतीस.